चमचा मोडीत घालण्याआधी

चमचा म्हटलं की आपल्याकडे आधी पुढाऱ्याच्या मागे फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आज त्या चमच्यांबद्दल लिहीत नाहीये. त्यांचं बरं चाललंय. आज लिहितोय ते खरोखरच्या चांदीच्या चमच्यांबद्दल. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण घरात जुनी चांदी असेल आणि भाव बघून ती मोडायचा विचार मनात असेल, तर आजच वाचा.

झालं असं. गेल्या महिन्यात आपल्या सराफकट्ट्यावर एका ओळखीच्या पेढीवर बसलो होतो. चांदीनं किलोला लाखाचा आकडा कधीच मागे टाकलाय, त्यावर बातमी करायची होती. शेठ म्हणाले, "पत्रकार, विकत घेणारे कमी झालेत. मोडायला आणणारेच जास्त. बसा तासभर, दिसेलच."

अर्धा तास झाला नसेल, तोच एक निवृत्त गुरुजी आले. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. आत चांदीचे चमचे आणि काटे. अकरा नग. काळे पडलेले, पण दांड्यावरचं काम बघून मी खुर्चीतून उठलो. टोकाला शिंपला, त्याखाली पानांची वेलबुट्टी, कडेनं दुहेरी रेघ. पुढूनही नक्षी, पाठीमागूनही नक्षी.

गुरुजी म्हणाले, "आजोबांनी साहेबाचं सामान लिलावात निघालं तेव्हा घेतले होते म्हणे. आमच्यात काट्यानं कोण जेवतंय? ट्रंकेत पडून होते. मुलीच्या ॲडमिशनचं बघायचंय."

शेठनी अकराही नग एकदम काट्यावर टाकले. सहाशे ग्रॅमच्या थोडं वर. टंच बघितला, घट वजा केली, आकडा सांगितला. दोन मिनिटांत व्यवहार ठरला. नक्षीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. काढणार तरी काय? मुशीत गेल्यावर शिंपला काय आणि वेल काय, सगळं एकच पाणी.

मी एक चमचा उचलून उलटा केला. दांड्याच्या पाठीवर पाच बारीक ठसे होते. त्यातला एक चालणारा सिंह. हे ठसे वाचायचं वेड मला गेली दहा-बारा वर्षं आहे. चमचे विकत घेण्याइतकी ऐपत नाही, पण वाचण्याइतकी आहे. त्या पाच ठशांच्या मागे सातशे वर्षांची गोष्ट आहे. तीच आज सांगतो.

आधी काट्याची.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमधला माणूस हातानंच जेवायचा. सुरी आणि चमचा होता, काटा नव्हता. टॉमस कोरिएट नावाचा एक इंग्रज पायी फिरत इटलीला गेला. तिथं लोक काट्यानं मांस धरतात हे त्यानं पाहिलं. सगळ्यांचीच बोटं सारखी स्वच्छ नसतात, म्हणून ते असं करतात, असं त्यानं १६११ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं. घरी परतल्यावर तो स्वतःही काटा वापरायला लागला. मित्रांनी त्याची भरपूर टिंगल केली, त्याला काटेवाला म्हणून चिडवायचं नावच पाडलं.

हाच कोरिएट पुढे चालत चालत हिंदुस्थानात आला. अजमेरला जहांगीर बादशहाच्या दरबारापर्यंत पोचला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेला वारला. इंग्रजांना काट्याची ओळख करून देणाऱ्यांत ज्याचं नाव पहिलं घेतात, त्याची माती सुरतेची आहे. गुरुजींच्या गाठोड्यातल्या काट्यांचा आपल्याशी संबंध असा जुना आहे.

१६६० नंतर इंग्लंडच्या श्रीमंत घरांत काटे रुळले. ते चांदीचेच का? नुसती श्रीमंती मिरवायला नव्हे. तेव्हाचं पोलाद लिंबू, व्हिनेगर, फळं यांना लागलं की काळं पडायचं आणि घासाला लोखंडाची चव यायची. चांदी चव सोडत नाही. आपण चिंचेची आमटी कशात करायची नाही हे आजीला विचारायचो, तसाच हा प्रकार. चांदीचंही एकाशी जमत नाही, ते म्हणजे अंडं. अंड्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. म्हणून अंड्याच्या आणि मिठाच्या चमच्यांना वाटीच्या आतून सोन्याचा मुलामा द्यायचे.

आता ते पाच ठसे.

चांदीत भेसळ सोपी, पकडणं अवघड. म्हणून इंग्लंडच्या राजानं १३०० साली कायदा केला, की चांदीची वस्तू ठरलेल्या कसाची असली पाहिजे. हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. त्यालाच स्टर्लिंग म्हणतात. कस तपासून वस्तूवर चित्त्याच्या तोंडाचा ठसा मारायचा. पुढे कारागिराचा ठसा आला. १४७८ पासून लंडनमध्ये वर्षाचं अक्षर आलं, म्हणजे दरवर्षी एक नवं अक्षर. १५४४ पासून चालणारा सिंह आला. १७८४ पासून चांदीवरचा कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं आलं, ते १८९० ला बंद झालं.

म्हणजे बघा, वस्तूवर राणीचं डोकं असेल तर ती १८९० च्या आतली. अक्षर जुळवलं की नेमकं साल. शहराचा ठसा बघितला की गाव. आद्याक्षरं बघितली की कारागीर. एक चमचा उलटा केला की त्याचा सगळा सातबारा हातात येतो. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती २०२१ ला आली. चांदीबाबत हे लिहितोय तेव्हाही ती ऐच्छिकच आहे.

एवढे ठसे, एवढे कायदे असूनही जुनी चांदी फारशी उरली नाही. त्याचं कारण चांदीच्या स्वभावात आहे. लाकडी खुर्ची विकली तर खुर्चीच राहते. चांदीची वस्तू कधीही परत पैसा होऊ शकते. अडचण आली की पहिली तीच मुशीत जाते. हे फक्त आपल्या सराफकट्ट्यावर घडतं असं समजू नका.

१६४२-४३ साली इंग्लंडच्या राजाचं पार्लमेंटशी युद्ध पेटलं. ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चांदीची भांडी राजाला दिली, त्यांची नाणी पाडून सैन्याचे पगार झाले. १६८९ ला फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं व्हर्सायच्या राजवाड्यातलं चांदीचं फर्निचर, टेबलं, दिवे, कुंड्या, सगळं युद्धखर्चासाठी वितळवायला काढलं. ज्या राजानं ते घडवून घेतलं, त्याच राजानं ते आटवलं.

उलटंही झालं. इंग्लंडमध्ये लोक नाण्यांच्या कडा कातरायचे, नाणी वितळवून भांडी करायचे. बाजारात नाणी उरेनात. तेव्हा १६९७ ला सरकारनं भांड्यांच्या चांदीचा कस नाण्यांच्या वर नेला, हजारात ९५८ च्या पुढे. हेतू हा, की नाणं नुसतं वितळवून त्याचा सरळ चमचा करता येऊ नये. २३ वर्षांनी, १७२० ला, जुना कस परत आला, पण सोबत चांदीच्या वस्तूंवर करही आला. सरकार म्हटलं की हे आलंच.

भांड्याचं नाणं, नाण्याचं भांडं. चांदी अशीच फिरत राहिली. मग काही चमचे टिकले कसे? तर ज्या चमच्याला नाव होतं, त्याला टिकायची जरा जास्त संधी मिळाली. नाव म्हणजे नमुन्याचं नाव.

चमच्याच्या नमुन्याला नाव असतं ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे साडीच्या काठाला नाव असतं, दागिन्याला नाव असतं. तसंच तिकडे. दांडा सारंगीच्या आकाराचा असेल तर फिडल पॅटर्न. त्यावर शिंपला आणि पानांची नक्षी चढवली की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाजलेला किंग्ज पॅटर्न. गुरुजींचे चमचे त्या घराण्यातले. नाव असलं की जोडी जुळवता येते. हरवलेला एक काटा पुन्हा शोधता येतो. वाटण्या झाल्या तरी दोन बहिणींकडचे चमचे एकाच संचातले आहेत हे कळतं.

नावांचा खरा बाजार मात्र भरला अमेरिकेत.

तिथं सुरुवातीला चांदीचे चमचे नाणी वितळवूनच व्हायचे. त्या चांदीला नाणे-चांदी असंच म्हणायचे, कस हजारात ९०० च्या आसपास. गिऱ्हाईक डॉलर घेऊन सोनाराकडे जायचं आणि चमचे घेऊन यायचं. आपल्या पणज्या राणीछाप रुपये देऊन तोडे करून आणायच्या, तसंच.

१८५९ ला नेवाडा भागात कॉमस्टॉक नावाची चांदीची प्रचंड मोठी खाण सापडली. त्यातून जॉन मॅके नावाचा, गरिबीत वाढलेला एक आयरिश माणूस अब्जाधीश म्हणावा इतका श्रीमंत झाला. त्याच्या बायकोची इच्छा होती की घरचा जेवणाचा संच आपल्याच खाणीतल्या चांदीचा असावा. मॅकेनं सुमारे अर्धा टन चांदी खाणीतून थेट न्यूयॉर्कला टिफनी कंपनीकडे पाठवली. दोनशे कारागीर जवळपास दोन वर्षं खपले. २४ माणसांच्या पंगतीसाठी सव्वा हजार नग तयार झाले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तो संच लोकांनी रांगा लावून पाहिला. नगावर मोकळी जागा दिसेल तर शपथ, सगळीकडे पानं, फुलं, वेली.

पण मॅके एकटा. सामान्य अमेरिकन घरात चांदीचा चमचा गेला तो चांदी स्वस्त झाल्यावर. आणि ती स्वस्त होण्यात आपल्या मुंबईचाही हात आहे.

१८७० च्या दशकात युरोपातले देश एकेक करून चांदी सोडून सोन्याच्या चलनाकडे वळले. अमेरिकेतल्या खाणी तर धडाधड चांदी ओतत होत्या. तरीही भाव थोडाफार टिकून होता, कारण हिंदुस्थान चांदी गिळत होता. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. २६ जून १८९३ ला इंग्रज सरकारनं ही सोय बंद केली. जगातलं एक मोठं गिऱ्हाईक एका दिवसात कमी झालं. चांदी घसरली, कोलोराडोतल्या खाणी बंद पडल्या, हजारो मजूर रस्त्यावर आले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारनंही चांदीची ठरलेली खरेदी थांबवली. १८७३ ला औंसाला १ डॉलर २९ सेंट असलेला भाव १८९५ पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आला.

खाणमजुराचं नुकसान झालं, चमचेवाल्यांची चांदी झाली. १८९५ लाच प्रॉव्हिडन्स शहरातल्या गोरहम कंपनीनं विल्यम कॉडमन या डिझायनरकडून शॅन्टिली नावाचा नमुना करून घेतला. वळणदार कडा, टोकाला फुलासारखा उमललेला आकार. अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलेल्या नमुन्यांत तो मोजतात. १९०७ ला रीड अँड बार्टन कंपनीनं फ्रान्सिस द फर्स्ट आणला. त्याची गंमत अशी, की फळाफुलांचे १५ वेगवेगळे झुबके दांड्यांवर वाटून टाकलेत. चमच्यावर एक झुबका, काट्यावर दुसरा. संच पुरा केल्याशिवाय सगळी फळं बघायला मिळत नाहीत. गिऱ्हाईक बांधून कसं ठेवायचं हे त्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं.

हे काम व्हायचं कसं, हे हुपरीच्या कारागिराला सांगायला नको. आधी पोलादी ठशात उलटी नक्षी कोरायची. हे सगळ्यांत कठीण, हातचं काम, महिनोन्‌महिने चालायचं. मग पत्र्यातून चमच्याच्या अंदाजाचा तुकडा कापायचा, तो रुळांखालून काढून जिथं वाटी येणार तिथं रुंद करायचा, ठशात ठेवून वरून जड घण सोडायचा. मग कानशी, मग पॉलिश. एकदा चांगला ठसा जमला की हजारो चमचे. म्हणून यंत्रानं केलेल्या चमच्यातही एका माणसाचा हात असतोच, ठसा कोरणाऱ्याचा.

हाव मात्र वाढतच गेली. ऑयस्टरचा काटा वेगळा, सार्डिनचा वेगळा, स्ट्रॉबेरीचा वेगळा, आइस्क्रीमचा वेगळा. बटाट्याच्या वेफर्ससाठी सुद्धा चांदीचा वेगळा पळा निघाला. एका नमुन्यात शंभरावर प्रकार झाले. शेवटी १९२० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेचे तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांच्या सूचनेवरून कारखानदारांनी ठरवलं, की नव्या नमुन्यात ५५ पेक्षा जास्त प्रकार करायचे नाहीत. हेच हूवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. वेफर्सच्या पळ्यावर मंत्र्याला बोलावं लागलं, आता बोला.

मधल्या काळात चांदीनं पुन्हा कूस बदलली होती. पहिल्या महायुद्धात आपल्याकडे लोक नोटा घेईनात, चांदीचा रुपयाच मागायला लागले. इंग्रज सरकारकडे चांदी संपत आली. तेव्हा १९१८ च्या एका कायद्यानं अमेरिकेनं आपले २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. त्या चांदीचे इथं रुपये पडले. त्या रुपयांतले किती तरी आपल्या गावोगावच्या सोनारांकडे जाऊन पैंजण, तोडे, वाट्या झाले. तुमच्या आजीच्या चांदीच्या वाटीत नेवाडाची चांदी असू शकते. सिद्ध करता येणार नाही, पण रस्ता हाच होता.

मग आलं १९८०.

टेक्सासमधल्या हंट बंधूंनी जगातली चांदी साठवायचा सपाटा लावला. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नासच्या घरात गेली. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लोक घरातले चांदीचे संच पिशव्यांत भरून रांगेत उभे राहिले. आजीच्या लग्नातले काटे, बारशाचे कप, चहादाण्या. नमुना कुठला, कारागीर कोण, कुणी विचारलं नाही. वजन झालं, पैसे मिळाले, भट्टी पेटली. मार्चच्या अखेरीस टिफनी कंपनीनं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साठेबाजांचा निषेध केला. त्यांच्यामुळे बाळाच्या चमच्यापासून चहाच्या संचापर्यंत सगळंच लोकांना अवाच्या सवा भावानं घ्यावं लागतंय, असा त्या जाहिरातीचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी, २७ मार्चला, बाजार कोसळला. चांदी अकरा डॉलरच्या खाली आली. हंट बंधू बुडाले. वितळलेले चमचे मात्र परत आले नाहीत.

याच्या पुढच्याच वर्षी, १९८१ ला, उत्तर कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावात रिप्लेसमेंट्स नावाची कंपनी सुरू झाली. काम काय, तर जुन्या, बंद पडलेल्या नमुन्यांची भांडी, काटे, चमचे जमवायचे आणि ज्याच्या संचातला एखादा नग हरवलाय त्याला शोधून विकायचे. नमुन्याला नाव होतं म्हणून हा धंदा उभा राहू शकला. गिऱ्हाईक सांगणार शॅन्टिलीचा एक काटा हवा, आणि तो सापडणार. ज्या चमच्याला नाव नाही, तो शोधायचा कसा?

आणि इथंच आपली अडचण आहे.

नक्षीदार चांदीकाम आपल्याकडे कमी झालं का? कच्छमधल्या भुजचे उमरसी मावजी हे राजदरबाराचे चांदीकार. पानावेलींच्या गर्दीत हत्ती, वाघ, हरणं पळताहेत असं दाट काम त्यांच्या पेढीनं केलं. ओ. एम. भुज एवढीच अक्षरं असलेल्या वस्तूसाठी आज परदेशातल्या लिलावांत चढाओढ लागते. मद्रासमध्ये देवादिकांच्या मूर्ती उठवलेलं स्वामी पद्धतीचं काम व्हायचं. आपल्या पुण्यातही त्या धर्तीचं काम होत होतं. हे सगळं साहेबाच्या टेबलासाठी झालं, त्यावर ठसा पडला, म्हणून त्याचं नाव उरलं.

आपल्या स्वतःच्या घरांसाठी जे झालं, त्यावर ठसा नाही. पळी, पंचपात्र, अत्तरदाणी, गुलाबदाणी, उष्टावणाची वाटी आणि चमचा. कुणी केलं, कुठल्या गावात केलं, त्या वेलीला काय म्हणायचे, काही नोंद नाही. त्यामुळे भाव चढला की ते सगळ्यांत आधी जातं. वजनाखेरीज त्याच्या बाजूनं बोलणारं काहीच नसतं.

हे मी कुणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाहीये. मी स्वतः हे केलंय.

२०११ च्या एप्रिलमध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर गेली होती. वडिलांचं ऑपरेशन ठरलं होतं. पत्रकाराचा पगार तुम्हाला माहीत आहे. घरातली चांदी काढली. तांब्या, दोन ताटं, वाट्या, निरांजनं. त्यात उष्टावणाचा एक चमचा होता. दांड्याच्या टोकाला पोपट, पोपटाच्या चोचीत आंब्याची कैरी. आमच्या घरातल्या चार पिढ्यांचं पहिलं खीर-भात त्या चमच्यानं भरवलेलं. माझंही.

वडील बरे झाले. ताटं-तांब्या गेल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. चांदी घरात असते ती त्याच दिवसासाठी. पण तो चमचा दीड तोळ्याचा. त्याचे हजार-बाराशे आले असतील. तेवढे मी कुठूनही उभे केले असते. गडबडीत बाजूला काढायचं सुचलंच नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली. तिच्या उष्टावणाला आई म्हणाली, "तो पोपटाचा चमचा काढ रे." मी नवीन आणला होता. आई काही बोलली नाही. पोपटाचा फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. मला तो आठवतो, पण पोपटाची मान डावीकडे होती की उजवीकडे, हे आता सांगता येत नाही. ठसे वाचायचं वेड मला त्यानंतर लागलं.

म्हणून विकू नका असं मी म्हणणार नाही. गरज असेल तर जरूर विका. फक्त मूस तापायच्या आधी चार गोष्टी करा.

पहिली, वस्तू उलटी करून बघा. चालणारा सिंह, चित्त्याचं तोंड, राणीचं डोकं, स्टर्लिंग हा शब्द, भुजची अक्षरं, यातलं काही दिसलं तर थांबा. ई.पी.एन.एस. अशी अक्षरं असतील तर तो नुसता मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० ला विजेनं मुलामा चढवायचं पेटंट घेतलं, तेव्हापासून असा माल जगभर पसरला. आत असतं जर्मन सिल्व्हर, आणि त्यात नावापुरतीही चांदी नसते.

दुसरी, सुऱ्यांच्या मुठी वजनावर धरू नका. त्या पोकळ असतात, आत राळ किंवा तसला भराव असतो. चांदी वरच्या पत्र्याइतकीच.

तिसरी, विकायच्या आधी चिंच, राख, दंतमंजन लावून घासू नका. खाचांतला काळेपणा राहिला तरच नक्षी उठून दिसते. घासून घासून फुलाच्या पाकळ्या गेल्या की जाणकाराच्या लेखी किंमतही गेली.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, फोटो काढा. पुढून, मागून, ठशाचा जवळून. सोबत लिहून ठेवा, कुणाची, कुठून आली, कुणाच्या लग्नात दिली. याला एक पैसा लागत नाही. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर परवानगीशिवाय ती देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे, हेही लक्षात ठेवा. नाहीतर कुणी गोड बोलून बाहेरचा भाव दाखवेल.

आता एक कडू गोष्टही सांगतो. आज भाव इतका चढलाय, की नेहमीच्या नमुन्यांना जाणकारही वजनापेक्षा फार जास्त देत नाहीत. किंग्ज पॅटर्न सुंदर असला तरी इंग्लंडमध्ये तो ढिगानं झाला. शिवाय नवी पिढी चांदी घासायला तयार नाही. १९१३ ला शेफील्डमध्ये, म्हणजे सुऱ्या-काट्यांच्या पंढरीतच, हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद काढलं, तेव्हाच चांदीच्या चमच्याचं जेवणातलं काम संपलं होतं. फ्रान्सिस द फर्स्ट काढणाऱ्या रीड अँड बार्टनलाही २०१५ ला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणजे यापुढे हे चमचे वाचले तर ते भावासाठी वाचणार नाहीत. कुणाला तरी ते हवे आहेत म्हणूनच वाचतील.

गुरुजींना मी त्या दिवशी पेढीवरच हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग जास्त किती मिळतील आणि कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. फी भरायची शेवटची तारीख चार दिवसांवर होती.

शेवटी शेठनी मला मोबाईलवर अकराही नगांचे फोटो काढू दिले. ठशावरची धूळ त्यांनीच ब्रशनं झटकली. गुरुजींनी एक चमचा आणि एक काटा मुलीसाठी परत घेतला. एक चमचा मी शेठच्या भावानं विकत घेतला, हप्त्यानं. उरलेले आठ दुसऱ्या दिवशी आटणीला गेले. गुरुजींच्या मुलीची ॲडमिशन झाली, हे महत्त्वाचं.

परवा शेठचा फोन आला. "पत्रकार, एक पळी आलीय मोडीत. टोकाला नाग आहे. संध्याकाळपर्यंत थांबवतो. येऊन फोटो काढून जा."

तुमच्या घरातलीही एखादी असेल. विकायच्या आधी मला हाक मारा. मोबाईल घेऊन येतो.